हाताला सुकलेली शाई

आमच्या मैत्री मंडळाच्या हॉलमधली एकतीस स्टीलची ताटं वर्षभरात नाहीशी झाली आणि त्यांच्या जागी कुणाची तरी सतरा येऊन बसली, ही बातमी मायाप्पा आप्पांनी वार्षिक सभेत सांगितली, तेव्हा मी शेवटच्या रांगेत भडंग खात बसलो होतो. भडंगाकडंच लक्ष ठेवलं असतं, तर निपाणीपासून चिकोडीपर्यंत आज माझं जे नाव झालंय ते झालं नसतं.

मायाप्पा आप्पा मंडळाचे अध्यक्ष. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले, पण ते फक्त पगारापुरतं. आवाज अजून नोकरीत आहे.

"ताटं चालत जात न्हाईत," आप्पा म्हणाले. "लग्नाला आलेली मानसं घिऊन जात्यात. मुद्दाम न्हाय, चुकून. पर चुकून म्हनून एकतीस? खुर्च्यांचंबी त्येच. दोनशे हुत्या, आता मोजल्या तर दोनशेच हाईत, पर त्यातल्या तीन आपल्या न्हाईत. सगळ्यावर मंडळाचं नाव घालूया."

लगेच सल्ले सुरू झाले. भांड्याच्या दुकानातून ठिपक्यांचं नाव कोरून आणा, असं एक जण म्हणाला. दुसऱ्यानं ताटांना भोकं पाडायला सांगितलं. का, ते त्यानं सांगितलं नाही. मारुतीराव अण्णा उभे राहिले. हॉलची किल्ली त्यांच्याकडं असते आणि त्याआधी तीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली आहे. ते म्हणाले, "सरळ लाल आईलपेंट मारा. बसच्या शीटांच्या मागं आमी मारलेलं नंबर आजून हाईत. बस ऱ्हायल्या न्हाईत, पर नंबर हाईत."

लोक माना डोलवायला लागले, आणि मी भडंगाचा कागद खाली ठेवून उभा राहिलो.

आता मी काय काम करतो ते सांगायला हवं. कागलच्या एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणारी एक कंपनी आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर त्याचा नंबर, तारीख आणि खूण छापलेली असते. ती खूण तेलात, उन्हात, ॲसिडच्या वाफेत पंधरा वर्षं टिकली पाहिजे. कुठल्या धातूला कुठली शाई, ती किती वेळात सुकते, किती उष्णतेला पक्की होते, हे सगळं ठरवणाऱ्या विभागाचा मी चौदा वर्षं प्रमुख आहे. आमच्या वसाहतीत मात्र या पदाचं भाषांतर 'प्रशिक कंपनीत शिक्कं मारतोय' असं झालेलं आहे. माझी आई, शेवंताबाई, तिनं उभं आयुष्य तंबाखूच्या वखारीत उभ्यानं काम केलं. ती तर सगळ्यांना कौतुकानं सांगते, "बसून काम हाय त्याचं." त्यामुळं कुणी 'नाव घालणं' हा विषय काढला की मला गप्प बसवत नाही.

"आईलपेंट?" मी म्हणालो. "आप्पा, प्रत्येक पृष्ठभागाची शाई वेगळी असते. स्टीलला जी धरते ती ॲल्युमिनियमला धरत नाही, आणि ताडपत्रीची तर जातच निराळी. आणि शाई हाताला सुकली म्हणजे पक्की झाली असं नसतं. हाताला सुकणं दहा मिनिटांचं काम. पक्कं होणं म्हणजे आतून, मुळापासून. त्याला उष्णता लागते, नाहीतर दिवस लागतात. या दोन गोष्टींतला फरक न कळल्यामुळं जगात—"

"म्हंजे तू करतोस व्हय?" आप्पांनी विचारलं.

जगात काय झालं ते सांगायचं राहिलंच. टाळ्या वाजल्या आणि मी जबाबदार झालो.

घरी आल्यावर उपासना, म्हणजे माझी बायको, एवढंच म्हणाली, "आधी एका ताटावर, एका खुर्चीवर करून बघा. मग बाकीच्यांवर करा." ती हायस्कुलात विज्ञान शिकवते. हे वाक्य मी कंपनीत नव्या लोकांना चौदा वर्षं ऐकवत आलोय, ते मला स्वयंपाकघरातून ऐकवलं जावं, याचं मला वाईट वाटलं. ती वह्या तपासत होती, आणि वह्या तपासणाऱ्या माणसाशी वाद घालू नये, तो लाल पेन हातात घेऊन बसलेला असतो.

ताटांचं काम मात्र मी असं केलं, की ते अजूनही डोळ्यांपुढं आलं तर बरं वाटतं. प्रत्येक ताट थिनरनं पुसलं, कारण ताट कितीही घासलं तरी त्यावर तेलाचा पापुद्रा राहतोच. जेवण लागू नये म्हणून नाव मागच्या बाजूला घ्यायचं ठरवलं. शाई दोन डब्यांतली, एकात शाई आणि दुसऱ्यात तिला कडक करणारा हार्डनर. दोन्ही मोजून मिसळली की चार तासांत वापरायची, नंतर डब्यातच दगड होतो. पत्र्याचा छाप कापून घेतला आणि तीनशे ताटांवर 'मैत्री मंडळ, निपाणी' उमटवलं. आता दीडशे डिग्रीत अर्धा तास भाजायचं. कंपनीत त्याला मोठी भट्टी आहे. वसाहतीजवळ एकच भट्टी होती, नागोजीच्या बेकरीची.

"माज्या भट्टीत पाव भाजत्यात," नागोजी म्हणाला. "ताटं न्हाईत."

आम्ही दोघं एका बाकावर शिकलो आहोत, आणि दहावीला गणिताच्या पेपरात मी त्याला जे काही दाखवलं होतं त्याची आठवण मी कधी काढलेली नव्हती. त्या दिवशी काढली. दुपारी पाव उतरल्यावर आणि संध्याकाळचे टोस्ट चढायच्या आधी, भट्टी उतरती असताना, मी कंपनीतलं तापमापक टांगून तीनशे ताटं पाच घाण्यांत भाजली. काय उतरली होती! काळीभोर, काठ धारदार, अक्षरं जणू ताटाबरोबर जन्मलेली. नखानं खरवडून बघितलं, चिकटपट्टी लावून ओढली, थिनरच्या बोळ्यानं पन्नास वेळा घासलं. जरासुद्धा हललं नाही.

पण त्या संध्याकाळच्या टोस्टांना नव्याकोऱ्या फ्रीजचा वास आला. पुढचे दोन दिवस निपाणीच्या निम्म्या चहात आमच्या कंपनीचा वास होता. नागोजीनं उरलेला सगळा माल आमच्या दारात आणून टाकला आणि निघून गेला. आम्ही पंधरा दिवस टोस्ट खाल्ले. आई पहिल्याच घासाला म्हणाली, "ह्येला तुज्या डब्याचा वास येतोय बग." आणि तरी खात राहिली, कारण अन्न टाकणं तिला जमत नाही.

पण ताटं बघायला सगळी वसाहत आली. आप्पांनी स्वतः नखानं खरवडलं, पोस्टातली जुनी भिंगाची काच आणून बघितलं आणि म्हणाले, "वा, साहेब!"

मला चौदा वर्षांत कुणी साहेब म्हणालं नव्हतं. कंपनीत मला 'मार्किंग' म्हणतात. 'मार्किंगला बोलवा', 'मार्किंगनं घोळ घातला', असं. त्या एका शब्दानं पुढचं सगळं केलं, हे मी आता शांतपणे सांगू शकतो.

उरल्या खुर्च्या. ज्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आपण सगळीकडं बघतो, त्यांच्यावर कुठलीही शाई सहजासहजी बसायला तयार नसते. तेलकट तव्यावर पाणी कसं गोळा होऊन पळतं, तशी शाई पळते. भाजायचा तर प्रश्नच नाही. तरी मी आमच्या घरातली एक जुनी खुर्ची नागोजीच्या थंड होत आलेल्या भट्टीत, तो जेवायला गेलेला असताना, ठेवून बघितली. खुर्ची हळूहळू मांडी घालून बसली. नागोजी परत आला, त्यानं खुर्चीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "गणिताचं फिटलं आता."

कंपनीत अशा प्लॅस्टिकवर आम्ही क्षणभर गॅसची ज्योत फिरवतो. त्यानं वरचा थर शाईला राजी होतो. म्हणून मी गॅसचा छोटा टॉर्च आणून हॉलच्या अंगणात पहिल्या खुर्चीच्या पाठीवरून झरकन फिरवला. त्याच वेळी मारुतीराव अण्णा फाटकातून आत येत होते.

"पेटवालाय! खुर्च्या पेटवालाय!" अण्णा ओरडले. तीस वर्षं भरलेल्या बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचलेला आवाज तो. अर्ध्या मिनिटात आयाबाया बादल्या घेऊन आल्या. मी 'अहो, ही प्रक्रिया आहे' एवढं म्हणेपर्यंत तीन बादल्या माझ्यावर रिकाम्या झाल्या होत्या. तिसरी आईची होती. तिनं मला ओळखून ओतली.

आप्पांनी ज्योतीवर बंदी घातली. अण्णांनी सल्ला दिला, "पॉलिशपेपरनं घासा, म्हंजे धरंल." अगदीच चुकीचा नव्हता तो सल्ला. मग मी ठरवलं, घासायचं, शाई लावायची, आणि भट्टीऐवजी तिला सात दिवस नुसतं राहू द्यायचं. सात दिवसांत तीच शाई हवेवरसुद्धा पक्की होते. वेळ भरपूर होता. आप्पांची मुलगी तेजस्वी, बेळगावच्या कोर्टात वकिली करते, तिचं लग्न याच हॉलमध्ये व्हायचं होतं, पण त्याला अजून महिना होता.

तो महिना एका नियमानं खाल्ला. खुर्च्या सरकारी अनुदानातून आलेल्या. आप्पा म्हणाले, अनुदानातल्या वस्तूवर काही लिहायचं तर लेखी परवानगी पाहिजे. पोस्टमास्तर माणूस, लेखी शब्द ऐकला की त्यांचा चेहरा उजळतो. आम्ही दोघं बेळगावला एका कार्यालयात गेलो. खिडकीतल्या मॅडमनी अर्ज वाचला, आमच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मोदलु कन्नड. आधी कन्नड पाहिजे, मोठ्या अक्षरात. त्याच्या खाली तुम्ही मराठी घाला." आमच्या भागात कुठली अक्षरं वर आणि कुठली खाली, यावर माणसांचे जन्म गेलेत. तो विषय मी इथं उकरत नाही. आम्ही हो म्हणालो.

दुसऱ्या खेपेला मॅडम म्हणाल्या, प्रत्येक खुर्चीला नंबर पाहिजे. तिसऱ्या खेपेला त्यांनी अर्जातला एक रकाना दाखवला. शाई न पुसणारी असल्याचा दाखला.

"हा दाखला कोण देतं?" मी विचारलं.

"ज्याला शाईतलं कळतं तो," मॅडम म्हणाल्या.

आप्पांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "ह्ये साहेब हाईत की."

झालं. तेजस्वीनं कोर्टात बसून प्रतिज्ञापत्र तयार केलं. 'मी, प्रशिक, वय वर्षे एक्केचाळीस, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर शाई कोणत्याही परिस्थितीत, कोणत्याही उपायाने पुसली जाणार नाही.' मी म्हणालो, "तेजस्वी, 'कोणत्याही परिस्थितीत' जरा जास्त होतंय का?" ती म्हणाली, "दादा, कोर्टात कमी लिहिलं तरच शंका घेतात."

परवानगी हातात पडली ती सोमवारी. लग्न त्याच आठवड्यात, रविवारी. मंगळवारी मी रजा काढली. कन्नड अक्षरं अण्णांनी काढून दिली, बसच्या पाट्या लिहून लिहून त्यांचा हात बसलेला, सुरेख वळण होतं. छापात आता वर मोठं कन्नड, खाली मराठी आणि त्याखाली नंबर, म्हणजे शाई ताटापेक्षा तिप्पट. खुर्चीच्या पाठीच्या मागच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल असं. संध्याकाळपर्यंत दोनशे खुर्च्या हॉलभर एकमेकींपासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. मी दारावर कागद लावला, 'सात दिवस स्पर्श करू नये.' मंगळवार ते रविवार पाच दिवस होतात हे मला येत होतं. माझा हिशेब असा होता की मे महिन्याचं ऊन आहे, हॉलवर पत्रा आहे, दोन दिवस तरी माफ होतील.

गुरुवारी आप्पा आणि अण्णा दोघं घरी आले.

"मांडववाला आलाय," आप्पा म्हणाले. "त्याला जमीन मोकळी पायजे. खुर्च्या एकावर एक घालून कोपऱ्यात लावल्या तर चालंल काय? तुमी सांगा. तुमी म्हनशीला तसं करतो, साहेब."

मी हॉलवर गेलो. एका खुर्चीच्या अक्षरांवर बोट टेकवलं. बोट स्वच्छ. दुसऱ्या खुर्चीवर टेकवलं, स्वच्छ. दोन म्हातारी माणसं माझ्या बोटाकडं बघत होती, डॉक्टरकडं बघावं तशी. 'रविवारपर्यंत हात लावू नका, मांडववाल्याला बाहेर बसवा', असं म्हणायला पाहिजे होतं. मला ते माहीत होतं. चौदा वर्षं मी दुसऱ्यांना हेच सांगून वैताग आणला होता. पण समोरून 'साहेब' आलं होतं, आणि साहेब माणूस 'थांबा' म्हणाला की शंकेखोर दिसतो, 'हरकत नाही' म्हणाला की साहेब दिसतो.

"हरकत नाही," मी म्हणालो.

खुर्च्या एकात एक बसवून वीस-वीसचे दहा मनोरे कोपऱ्यात लागले. रविवारी सकाळी उलगडून मांडल्या गेल्या. घाईत कुणी पाठीची पुढची बाजू बघितली नाही. खुर्च्या चॉकलेटी आणि शाई काळी, नीट निरखल्याशिवाय कळलं नसतं.

लग्न सुंदर होतं. चिकोडीहून दीडशे माणसं आली. आमच्याकडं मंगलकार्याला सगळे पांढऱ्या कपड्यांत येतात, पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, मुलींचे पांढरे ड्रेस. सगळा हॉल नुसता धुतल्यासारखा दिसत होता. उकाडा असा की पंखे गरम हवाच ढवळत होते, आणि प्रत्येक पाठ खुर्चीला चिकटलेली. मी सवयीनं शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून उभा होतो. अक्षरं कशी दिसतात ते बघायला ती जागा चांगली होती. माझ्यापुढं खुर्च्यांच्या पाठींवर दोन भाषांत मंडळाचं नाव ओळीनं दिसत होतं आणि मला, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटत होतं.

मग त्रिसरण-पंचशीलासाठी सगळे उभे राहिले.

खुर्च्यांच्या वर दुसऱ्या ओळी दिसल्या. पांढऱ्या पाठी, आणि प्रत्येक पाठीवर वर मोठं कन्नड, खाली 'मैत्री मंडळ, निपाणी' आणि त्याखाली नंबर. स्वच्छ वाचता येत होतं. क्षणभर मला, धंद्यातला माणूस म्हणून, फक्त एवढाच प्रश्न पडला की अक्षरं उलटी का नाहीत? मग लक्षात आलं. वरच्या खुर्चीच्या पाठीवरची आतून ओली शाई दाबानं खालच्या खुर्चीच्या पुढच्या बाजूला उलटी उमटली, आणि तिथून घामेजल्या पाठीवर पुन्हा उलटी होऊन सुलटी. असं ठरवून करायला गेलो असतो तर जमलं नसतं.

सगळे हात जोडून, डोळे मिटून उभे. अशा वेळी ओरडता येत नाही. मी हात जोडले आणि 'मुसावादा वेरमणी' म्हणताना, म्हणजे खोटं बोलण्यापासून दूर राहीन असं म्हणताना, मला प्रतिज्ञापत्र आठवलं. नवऱ्या मुलाचे वडील परशराम पहिल्या रांगेत होते, अकरा नंबर. नवऱ्याची आई बारा. आप्पा स्वतः एक नंबर होते, अध्यक्षाला शोभेल असे.

पहिल्यांदा ते जेवणाच्या रांगेत फुटलं. चिकोडीच्या एका आजीबाई पुढच्या बाईची पाठ वाचून म्हणाल्या, "अगं बया, जेवायला नंबर लावल्यात. माजा कितवा गं?" कुणीतरी सांगितलं, "सत्त्याऐंशी." आजीबाई म्हणाल्या, "मग लई उशीर हाय," आणि जाऊन बसल्या. परत त्याच प्रकारच्या खुर्चीवर.

मग मात्र गलका झाला. लिंबू आलं, रॉकेल आलं, बायकांच्या पर्समधून नखांचा रंग पुसायचं औषध आलं. डाग पसरले, गेले नाहीत. तेजस्वी स्टेजवरून उतरून माझ्याकडं आली. मला वाटलं आता रडेल. ती हळूच म्हणाली, "दादा, प्रतिज्ञापत्र खरं निघालं." आणि ओठ दाबून परत गेली. अण्णा हात वर करून सगळ्यांना सांगत होते, "मी आईलपेंट म्हनलोतो! इचारा कुनालाबी!" परशरामांनी शर्ट काढून बघितला, नीट घडी घातली, पिशवीत ठेवला आणि बनियनवर जेवले. त्या बनियनकडं बघत मी जेवण वाढत होतो. आप्पांनी त्या दिवशी मला साहेब म्हटलं नाही.

संध्याकाळी घरी येऊन बसलो तेव्हा उपासनानं विचारलं, "उष्णता लागली की ही शाई पक्की होते ना?"

"हो."

"मग लोक हे कपडे धुऊन इस्त्री करतील त्याचं काय?"

मी ताडकन उठलो. लग्नाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तातडीनं लिहिलं, 'सर्वांना नम्र विनंती, डागावर गरम इस्त्री फिरवू नये.' घाईत इस्त्रीतलं पहिलं अक्षर गळलं आणि चिकोडीपर्यंतच्या अडीचशे लोकांना 'गरम स्त्री फिरवू नये' असा संदेश गेला. त्यावर जी चर्चा झाली ती मी वाचली नाही. उपासनानं वाचली आणि फोन पालथा ठेवला. उपयोगही झाला नाही. ज्यांना करायची होती त्यांनी दुसऱ्या दिवशी इस्त्री करून टाकली होती.

सोमवारी मी हॉलवर गेलो. अण्णा ओल्या फडक्यानं खुर्च्या पुसत होते. सगळ्या खुर्च्या कोऱ्या होत्या, पुढून आणि मागून. पाण्यानं शाई निघत होती, सालं सोलल्यासारखी. दीडशे माणसांच्या पाठीवर जन्मभरासाठी बसलेली शाई दोनशे खुर्च्यांपैकी एकीवरही राहिली नव्हती.

"सोपं गेलं म्हना," अण्णा म्हणाले. त्यांनी ते खरंच मायेनं म्हटलं होतं.

मी ठरवलं, चिकोडीला जाऊन परशरामांची माफी मागायची. नवा शर्ट घेतला. आप्पा म्हणाले, "मीबी येतो. हॉल माजा, पाव्हनं माजं." बसमध्ये आम्ही शेजारी बसलो, आप्पा सगळा वेळ तिकिटाची घडी घालत आणि उलगडत होते. तासाभराचा तो प्रवास मला कागलच्या वर्षभराच्या प्रवासाएवढा वाटला.

परशरामांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. मी उभा राहून पाठ केलेलं बोललो. चूक माझी, खुर्च्या लावायला मी हो म्हणालो, शाई पक्की झालेली नाही हे मला माहीत असायला पाहिजे होतं. नव्हे, माहीत होतं. आणि शर्ट पुढं केला.

त्यांनी तो बाजूला ठेवला आणि आतून आपला जुना शर्ट आणला. पाठ आमच्याकडं केली. 'मैत्री मंडळ, निपाणी. ११.' लग्नाच्या दिवशी दिसत होतं त्याहून ठळक.

"मी एका दवाखान्यात कपड्यांचं खातं बघतो," ते म्हणाले. "चादरी, अभ्रं, डॉक्टरांचं गाऊन. ह्यो शर्ट मी आमच्या बॉयलरच्या धुलाईत तीन डाव घातला. उकळतं पानी, सोडा, ब्लिचिंग. शर्टाचं बटन गेलं, पर ह्ये बगा." त्यांनी अक्षरांवर नख फिरवलं. "आमच्या चादरीवरचं नाव दोन धुलाईत जातंय. मग चादर कुनाची, कुठल्या वार्डाची, रोज भांडन. ही शाई कुठली?"

मी आप्पांकडं बघितलं. आप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

इथं मला 'हरकत नाही, लगेच मारून देतो' म्हणता आलं असतं. तोंडात आलंही होतं. पण समोर तो शर्ट होता.

"ही कापडाची शाई नव्हे," मी म्हणालो. "ती धातूची. कापडावर बसली ती चुकून, आणि इस्त्रीच्या, बॉयलरच्या उष्णतेनं पक्की झाली. रुग्णाच्या अंगाला लागणाऱ्या कापडावर हिला मी हात लावू देणार नाही. कापडाची शाई वेगळी असते. मी शोधतो. आधी जुन्या फडक्यांवर मारू, तुमच्या बॉयलरमध्ये वीस वेळा धुऊ. टिकली तर मग एक चादर, तीसुद्धा कोपऱ्याला. महिना-दीड महिना तरी लागेल. घाई असेल तर मला जमणार नाही, कुणी दुसरा साहेब बघा."

परशराम हसले.

"सायेब आमच्याकडं लई हाईत हो," ते म्हणाले. "न्हाय म्हननारा पायजे हुता."

त्यांनी चहा मागवला, वही आणली आणि मी काय काय सांगतो ते लिहून घ्यायला बसले. सुती कापडाला काय, टेरिकॉटला काय, किती उष्णता, किती वेळ. तासभर मी बोलत होतो, आणि कुणीही मध्ये 'म्हंजे तू करतोस व्हय' असं म्हटलं नाही. निघताना त्यांनी नवा शर्ट परत माझ्या हातात दिला. "ह्यो तुमी घाला. माजा झालाय पक्का."

परतीच्या बसमध्ये आप्पा खिडकीशी बसले. गाव मागं पडलं, उसाची शेतं सुरू झाली, तेव्हा ते घसा साफ करून म्हणाले, "प्रशिक, एक सांग रं. स्टीलला ती शाई धरती, ती का धरती?"

चौदा वर्षांत मला हा प्रश्न वसाहतीतल्या कुणी विचारला नव्हता. मी सांगायला लागलो. तेलाचा पापुद्रा, पृष्ठभाग, हार्डनर, उष्णतेनं आत काय घडतं ते सगळं. चार-पाच मैलांवर आप्पांची मान खांद्यावर पडली आणि ते घोरायला लागले. मला राग आला नाही. विचारलं होतं ना त्यांनी. मी आवाज थोडा खाली घेऊन ॲल्युमिनियमवर आलो, मग काचेवर, मग ताडपत्रीवर. बस निम्मी रिकामी होती, कंडक्टरसुद्धा ऐकत होता असं मला वाटलं.

तेवढ्यात मागच्या सीटवरून एका बाईंचा आवाज आला.

"आन पलास्टिकला ओ?"

मी खिडकीबाहेरचा ऊस बघायला लागलो.